शब्दवेध : हलगी

बेळगाव-निपाणी पट्ट्यात जत्रेत, पालखीपुढे किंवा कुस्तीच्या मैदानावर हलगी कडाडली की मराठी आणि कन्नड बोलणारे एकाच ठेक्यावर डोलू लागतात. हा शब्दही तसाच दोघांचा आहे. कन्नडमध्ये 'हलगे' म्हणजे फळी, आणि हे वाद्यही. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा 'प' पुढे 'ह' झाला. 'पाल्'चे 'हालु' (दूध), 'पुलि'चे 'हुलि' (वाघ), तसेच 'पलगे'चे 'हलगे'. मराठीची ही रीत नाही. संस्कृत 'फलक' आपल्याकडे 'फळा' आणि 'फळी' झाला. म्हणून 'ह' घेऊन आलेली हलगी कन्नडमधूनच आली, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, हलगी कातड्याची, तिचा फळीशी काय संबंध? पण नाव आकारावरून पडले असावे. ढोलासारखे पोट तिला नाही, ती चपटी, एकतोंडी. दुसरा आक्षेप मात्र जड आहे. ज्या दलित वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या जाळावर हलगी शेकून गावाला नाचवले, त्यांना गावाने वेशीबाहेरच ठेवले. मग हा आनंद सर्वांचा कसा? आक्षेप खरा आहे, आणि व्युत्पत्ती सांगून तो मिटत नाही. जत्रा कमिट्यांनी हलगीवाल्यांची नावे पत्रिकेत कलावंत म्हणून छापावीत आणि त्यांना पुरते मानधन द्यावे.