बावीस वर्षं गप्प बसलेला कवी

वर्डस्वर्थ आपल्याला शाळेतच भेटतो. जॉर्ज क्रॅब (१७५४-१८३२) मात्र मुद्दाम शोधावा लागतो. कवितेत गोष्टी सांगणारा माणूस, आणि गोष्टी कुणाच्या? कर्जबाजाऱ्यांच्या, गरिबांच्या, एकट्या पडलेल्यांच्या.

सफोकच्या किनाऱ्यावरचं ऑल्डबरा हे त्याचं गाव. तिथे डॉक्टरकी चालेना, म्हणून १७८० मध्ये उसने पैसे घेऊन साहेब लंडनला. तिथे घड्याळ गहाण, शस्त्रक्रियेची हत्यारं गहाण! शेवटी काही ओळख नसताना एडमंड बर्कला पत्र लिहिलं. बर्कने कविता वाचल्या आणि त्याला वर काढलं. (हाच बर्क पुढे वॉरन हेस्टिंग्जच्या मागे लागला.)

१७८३ मध्ये 'द व्हिलेज' आली. तेव्हा कवितेतलं खेडं म्हणजे मेंढपाळ आणि पावा. क्रॅबने दाखवली तण माजलेली जमीन, निराधारांना कोंबलेली पडकी इमारत आणि तिथला बेफिकीर डॉक्टर.

आणि मग १७८५ नंतर तब्बल २२ वर्षं एकही नवा काव्यसंग्रह नाही. तो पाद्री झाला, संसारात पडला, चक्कर येते म्हणून अफू घ्यायला लागला ती कायमचीच. पण लिहीत होता हो! तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि जाळल्या. वनस्पतिशास्त्रावर पुस्तक लिहिलं, तर केंब्रिजचे एक विद्वान म्हणाले, असला विषय लॅटिनमध्ये हवा, इंग्रजीत कसला लिहितोस? तेही आगीत. (इंग्रजीलासुद्धा हे ऐकावं लागलंय बरं का!) अंगणात कागदांची होळी पेटायची आणि पोरं हौसेने नवे गठ्ठे आणून द्यायची, असं त्याच्या मुलानेच लिहून ठेवलंय. हे वाचून मला खरंच कसंतरी झालं.

बावन्नाव्या वर्षी, १८०७ मध्ये, तो परत आला. त्याचं सगळ्यात भन्नाट काम त्यानंतरचं. १८१० च्या 'द बरो'मध्ये पीटर ग्राइम्स आहे. हा कोळी अनाथ पोरं कामाला आणतो, मारतो, उपाशी ठेवतो. एकामागून एक तीन मरतात. गावाला पोरांचं रडणं ऐकू येत असतं, पण कुणी जागचं हलत नाही.

१९४१ मध्ये कॅलिफोर्नियात असलेल्या बेंजामिन ब्रिटनच्या वाचनात ई. एम. फॉर्स्टरचा क्रॅबवरचा लेख आला. ब्रिटनही सफोकचाच. तो मायदेशी परतला आणि १९४५ मध्ये 'पीटर ग्राइम्स' हा ऑपेरा रंगमंचावर आला. त्यातल्या ग्राइम्सची कीव येते. मला क्रॅबचा जास्त खरा वाटतो. तो शेवटी भ्रमिष्ट होतो, त्याला मेलेली पोरं पाण्यावर दिसतात, आणि गावातले लोक त्याच्या खाटेभोवती जमून ऐकत बसतात.