कारंज्यावर कोसळलेला पेशवा : जखमा काय सांगतात?

१/ २५ ऑक्टोबर १७९५. पुण्याच्या शनिवारवाड्यात २१ वर्षांचे सवाई माधवराव पेशवे वरच्या मजल्यावरून खालच्या कारंज्यावर पडले. २७ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. ती आत्महत्या होती की अपघात? या जुन्या वादात आज एका वेगळ्या साक्षीदाराला बोलावू : जखमांना.

२/ ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. पेशव्यांचे दोन अवयव मोडले आणि कारंज्याच्या नळीमुळे त्यांना मोठी जखम झाली.

३/ आता पाण्याकडे वळू. आमच्या भिवंडीच्या आसपास विहिरीत मुटका मारायला शिकलेल्या प्रत्येक पोराला एक नियम ठाऊक असतो : आधी खोली पाहायची. पाच मीटरवरून पडणारे शरीर ताशी सुमारे ३५ किमी वेगाने पाण्यावर आदळते. पाणी खोल असेल तर हा वेग हळूहळू जिरतो.

४/ उंची फार असेल तर मात्र खोल पाणीही घात करते. बरगड्या मोडतात, फुप्फुसे, यकृत आणि प्लीहा फाटतात, पायांवर पडल्यास पाठीचा कणा दबतो.

५/ उथळ पाण्याची तऱ्हा निराळी. तिथे वेग थांबवतो तो तळ. म्हणून जखमा जमिनीवर पडल्यासारख्याच होतात : हातपाय मोडतात, वाटेत जे टोकदार असेल ते शरीरात रुतते. डफचे वर्णन याच प्रकारात बसते. कारंज्याच्या पाण्याने पेशव्यांना सावरले नाही. त्यात आतला रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांवर १७९५ साली खात्रीचा उपाय नव्हता.

६/ मग हेतूचे काय? डफच्या मते पेशव्यांनी जाणूनबुजून उडी घेतली. पण त्या दिवसांत ते तापाने आजारी होते आणि तापाच्या भ्रमात माणसाचा तोल जाऊ शकतो. मोडलेले हाड पडण्याची उंची आणि खालचा पृष्ठभाग यांविषयी बोलते. मनाविषयी ते मौन पाळते. नाना फडणवीसांच्या धाकाला कंटाळून केलेली आत्महत्या, ही कथा जखमांवरून सिद्ध होत नाही आणि खोडलीही जात नाही.

७/ परिणाम मात्र निर्विवाद आहेत. पेशवे निपुत्रिक होते. वारसाच्या झगड्यातून १७९६ साली दुसरा बाजीराव गादीवर आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी, भिवंडीपासून जवळच असलेल्या वसईत, त्याने इंग्रजांशी तह केला. पेशवाईचे स्वातंत्र्य तिथेच गहाण पडले.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाने पुराव्याला तेवढेच विचारावे, जेवढे त्याला ठाऊक असते.