पणिक्कर, कावालम माधव

(3 जून 1895–10 डिसेंबर 1963). भारतीय इतिहासकार, मुत्सद्दी व लेखक. जन्म त्रावणकोर संस्थानातील कावालम येथे. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण, पुढे पत्रकारिता आणि संस्थानी सेवा. काही काळ बीकानेरचे दिवाण. 1948 मध्ये चीनमधील राजदूतपदी नेमणूक झाली. भारताने 30 डिसेंबर 1949 रोजी चीनच्या नव्या साम्यवादी सरकारला मान्यता दिल्यावर तेच पुन्हा राजदूत म्हणून बीजिंगला गेले.

कोरियासंबंधी इशारा : 2 ऑक्टोबर 1950 च्या रात्री पणिक्कर झोपले असताना चिनी परराष्ट्र खात्याचा अधिकारी त्यांच्या घरी आला. मध्यरात्रीनंतर पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांना भेटीस बोलावले होते. नेहमीप्रमाणे चहा आला, कुशल विचारून झाले आणि मग चौंनी सांगितले, की अमेरिकी फौजांनी दोन्ही कोरियांमधील 38 वे अक्षवृत्त ओलांडले तर चीन कोरियन युद्धात उतरेल. दक्षिण कोरियाच्या सैन्याची गोष्ट वेगळी. पणिक्करांनी घरी परतताच दिल्लीला तार केली. वॉशिंग्टनने त्यांना चीनधार्जिणे ठरवून हा इशारा मनावर घेतला नाही. 19 ऑक्टोबरला चिनी तुकड्या यालू नदी ओलांडून कोरियात शिरू लागल्या. चौंचे म्हणणे पणिक्करांनी जसेच्या तसे पोचवले होते, ही त्यांच्या कारकिर्दीतील निर्विवाद मोलाची कामगिरी होय.

तिबेट : त्याच ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटमध्ये घुसले आणि छाम्दो पडले. भारताने 26 ऑक्टोबरला निषेधाचा खलिता पाठवला. 30 ऑक्टोबरच्या उत्तरात चीनने तिबेट हा आपला अंतर्गत प्रश्न असल्याचे बजावले आणि भारताच्या भूमिकेवर बाह्य शक्तींचा प्रभाव असल्याचे सुचवले. लगेच दुसऱ्या दिवशी भारताचा दुसरा खलिता गेला. त्याला 16 नोव्हेंबरला उत्तर आले. या पत्रव्यवहाराचे मर्म एका शब्दात आहे. ‘अधिसत्ता’ असेल तर वरचे स्थान चीनचे, पण घरचा कारभार तिबेटचा, असा अर्थ निघतो. ‘सार्वभौमत्व’ म्हटले की तिबेट चीनचा भाग ठरतो आणि तेथे फौज नेण्याला हरकत घेण्याचा पायाच उरत नाही. ब्रिटिश अमदानीपासून पहिला शब्द रूढ होता. 26 ऑगस्ट 1950 च्या भारतीय निवेदनात मात्र दुसरा आला आणि 16 नोव्हेंबरच्या उत्तरात चीनने त्याच निवेदनाचा दाखला दिला. हा बदल पणिक्करांनी जाणून केला की अनवधानाने झाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो कोणी का केला असेना, ल्हासाची बाजू मांडण्याचा भारताचा आधार त्याने दुबळा झाला, हे मान्य करावे लागते.

टीका : वल्लभभाई पटेल यांनी 7 नोव्हेंबर 1950 रोजी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात, राजदूत चिनी धोरणाचे समर्थन शोधण्यातच कष्ट घेत आहेत, अशा आशयाची तक्रार केली आणि भारताला आता दोन आघाड्यांवर संरक्षणाचा विचार करावा लागेल, हे दाखवून दिले. परराष्ट्र खात्याचे महासचिव गिरिजाशंकर बाजपेयी यांचाही पणिक्करांवर रोष होता. सारा दोष एका राजदूताच्या माथी मारणे मात्र न्याय्य नाही. तिबेट लष्करी बळाने वाचवणे भारताला शक्य नाही, असे नेहरूंनी 18 नोव्हेंबरच्या टिपणात स्वतःच लिहिले होते. पणिक्करांची दृष्टी त्यांच्या इतिहासलेखनातून घडली होती. आशियातील पाश्चात्त्य वर्चस्वावरचा त्यांचा ग्रंथ (1953) वास्को द गामाच्या आगमनापासून सुरू होतो. संकट समुद्रावरून येते, ही त्यांची पक्की धारणा. त्यामुळे बर्फातून चालत येणारी आशियाई फौज त्यांना उगवत्या आशियाची वाटली असावी.

उत्तरकाळ : 1952 मध्ये बीजिंग सोडले. त्याच वर्षी ल्हासातील भारतीय कार्यालयाचे महावाणिज्य दूतावासात रूपांतर झाले. 29 एप्रिल 1954 च्या भारत-चीन कराराच्या शीर्षकातच ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असे शब्द आले आणि अधिसत्तेचा विषय संपला.

इतर : इजिप्त व फ्रान्समध्ये राजदूत. राज्य पुनर्रचना आयोगाचे (1953–55) सदस्य. या आयोगाने द्वैभाषिक मुंबई राज्याची आणि स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. मलयाळममध्येही लेखन.