घरांत मावणारा माग

घरांत माग बसवावयाचा झाला कीं विणकरापुढें तीन प्रश्न उभे राहतात. त्यास जागा किती लागेल, तो कोणाच्या बळानें चालेल, आणि दिवसाकाठीं त्यावरून किती कापड उतरेल? महाराष्ट्रांतील जुन्या विणकरांनीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर जमिनींतच शोधिलें. घरांत खड्डा खणून विणकर त्याच्या कांठावर बसे, पाय आंत सोडून पायाखालच्या पट्ट्या दाबी, आणि मागाचा बराचसा पसारा अशा रीतीनें भुईखालीं जाई. परंतु जेथें भूमि खडकाळ आणि सदा ओली, तेथें ही सोय साधणें कठीण. अशा एका प्रदेशांतील विणकरांनीं घरापुरता माग कसा निवडला, आणि त्या निवडीवर एका संबंध धंद्याचें भवितव्य कसें अवलंबून राहिलें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो प्रदेश म्हणजे स्कॉटलंडच्या वायव्येस समुद्रांत पसरलेलीं हेब्रिडीज बेटें.

लुइस व हॅरिस हा या बेटांतील मुख्य भूभाग. वारा आणि पाऊस तेथें बारमाही. शेतकऱ्याजवळ जमिनीचा लहानसा तुकडा, थोड्या मेंढ्या, आणि जोडीला मासेमारी. घरच्या मेंढ्यांची लोकर घरींच पिंजावी, कांतावी, रंगवावी आणि विणावी, असा शिरस्ता होता. त्या जाड कापडास तेथील गेलिक भाषेंत ‘मोठें कापड’ अशा अर्थाचें नांव आहे. तें मुख्यतः घरच्या वापरासाठीं असे; क्वचित् जमिनीचा खंडही त्याच्या रूपानें चुकता होई. सन १८४० नंतरच्या दशकांत हॅरिसची जमीनदारीण लेडी डनमोर हिनें हें कापड आपल्या सरदार मंडळींच्या नजरेस आणून दिलें. शिकारीस जाणाऱ्या श्रीमंतांस तें पसंत पडलें, आणि ‘हॅरिस ट्वीड’ हें नांव दूरवरच्या बाजारांत जाऊन पोंचलें.

त्या काळचा माग लांकडाचा व आटोपशीर होता. बाण्याचा धोटा विणकर एका हातानें फेंकी व दुसऱ्या हातानें झेली. यामुळें कापडाचा पन्हा विणकराच्या हातांच्या आवांक्याबाहेर जाऊं शकत नसे. हें बंधन इंग्लंडांत जॉन के यानें सन १७३३ मध्यें तोडलें होतें. त्यानें धोट्यासाठीं दोन्ही टोंकांस पेट्या बसविल्या, आणि दोरीच्या हिसक्यासरशीं धोटा या पेटींतून त्या पेटींत धांवूं लागला. हेब्रिडीजमध्यें मात्र हा धांवता धोटा रुळावयास एकोणिसावें शतक संपत यावें लागलें. नवा माग जुन्याहून मोठा होता. बेटांवर त्यास ‘मोठा माग’ असेंच म्हणत.

माल खपूं लागला तशी नकलही होऊं लागली. तिला आळा घालण्यासाठीं सन १९०९ मध्यें हॅरिस ट्वीड संघ स्थापन झाला, आणि क्रूस असलेल्या गोलाची मुद्रा नोंदविण्यांत आली. हाताने कांतलेलें सूत आणि बेटवासीयाच्या घरीं झालेली विणाई, या तिच्या मुख्य अटी होत्या.

पहिल्या महायुद्धानंतर बेटांवर एक नवा माग आला. यॉर्कशायरमधील कीथली गांवच्या हॅटर्स्ली कंपनीनें खास घरगुती कामासाठीं तो तयार केला होता. तो ओतीव लोखंडाचा व वजनदार होता, तरी घरालगतच्या लहानशा छपरींत सहज मावे. विणकरानें बांकावर बसून दोन पायांनीं दोन पट्ट्या आळीपाळीनें दाबावयाच्या, एवढ्यावर सारें यंत्र चाले. ताण्याचे धागे उघडणें, धोटा फेंकणें, फणीनें बाणा ठोकणें, विणलेलें कापड गुंडाळणें, इतकेंच काय, पण रंगारंगांचे धोटे पाळीपाळीनें पुढें आणणें, हीं सर्व कामें पायांच्या त्या एका गतींतून होत. हात मोकळे राहिले. कांडी संपली कीं बदलावी, धागा तुटला कीं सांधावा, आणि डोळा कापडावर ठेवावा, एवढेंच त्यांस काम उरलें. कांड्या भरण्यास घरचीं मुलेंमाणसें मदतीस असत. मेंढ्या हांकून आणल्यावर किंवा गवत कापून झाल्यावर विणकर छपरींत येऊन बसे, आणि रविवारखेरीज रोज वाड्यावाड्यांतून मागांचा खडखडाट ऐकूं येई.

हा माग इतक्या जलद चाले कीं हातसुताचा पुरवठा त्यास पुरेना. अखेर सन १९३४ मध्यें संघानें नियम बदलला. लोकर बेटांवरील गिरणींत कांतलेली व रंगविलेली चालेल, परंतु विणाई मात्र विणकराच्या घरींच झाली पाहिजे, असें ठरलें. या व्यवस्थेखालीं धंदा भरभराटला. सन १९६६ मध्यें उत्पादन ७६ लाख वारांवर गेलें.

त्यानंतर उतार लागला. शिंप्यांच्या कारखान्यांस दुप्पट पन्ह्याचें कापड हवें होतें. हॅटर्स्लीचा पन्हा पाऊण मीटरच्या आसपास. तेव्हां १९७० नंतरच्या दशकांत, विजेवर चालणारे रुंद माग आणून कारखान्यांतून विणाई करावी, अशी योजना पुढें आली. धंदा वांचविण्याचा तो सरळ मार्ग दिसत होता. पण वीज आली कीं माग घरांत राहण्याचें प्रयोजन सरतें, थोडीं माणसें पुष्कळ माग संभाळतात, आणि शेतीच्या जोडीचें काम शेतकऱ्याच्या हातून जातें, हें विणकरांनीं ओळखिलें. मतदान झालें, आणि त्यांनीं प्रचंड बहुमतानें योजना फेटाळली.

तथापि रुंद कापडाची निकड खरीच होती. तिचें उत्तर पुढें १९९० नंतरच्या दशकांत ‘बोनास-ग्रिफिथ’ मागानें दिलें. त्याचा पन्हा दीड मीटरचा. तोही विणकराच्या पायांनींच, सायकलीप्रमाणें चालतो. सन १९९३ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें हॅरिस ट्वीडचा स्वतंत्र कायदा केला. कापड बेटवासीयानें आपल्या घरीं हातमागावर विणलेलें असलें पाहिजे, ही अट त्यांत कायम झाली. पायांनीं चालणारा माग या अटींत बसतो, कारण त्यास गति देणारें बळ विणकराचेंच असतें.

महाराष्ट्रांत याच पेंचाचा दुसरा निकाल पाहावयास मिळतो. सन १९०४ मध्यें विठ्ठलराव दातार यांनीं इचलकरंजीस पहिला यंत्रमाग आणला, आणि कालांतरानें तें गांव यंत्रमागांचें विख्यात केंद्र बनलें. तेथें स्वस्त व विपुल कापड निघालें आणि हजारोंस रोजगार मिळाला. हेब्रिडीजचें कापड महाग, आणि तें विणणारे मूठभर. दोन्ही मार्गांस आपापली किंमत मोजावी लागली. म्हणून मागाची निवड करणाऱ्यानें जागा आणि वेग मोजण्यावर थांबूं नये. माग चालविणारें बळ कोणाचें, हेंही त्यानें विचारावें. कारण काम घरीं राहणार कीं घराबाहेर जाणार, हें पुष्कळदां त्या एका प्रश्नावरच ठरतें.