तंजावरच्या भोसल्यांची मराठी

मराठीवर प्रेम करायचं म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी भाषेला नावं ठेवायची, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. दुसऱ्या टोकालाही मंडळी आहेतच. 'सगळ्या भाषा सारख्याच हो' असं मोठ्या मनाने म्हणतात आणि स्वतःच्या भाषेत चार ओळी लिहायची वेळ आली की काढता पाय घेतात. या दोघांनीही तंजावरचा इतिहास एकदा वाचावा, असं मला फार वाटतं.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली. प्रजा तमिळ बोलणारी. आधीच्या नायक राजांमुळे दरबारातल्या काव्य-संगीताची भाषा तेलुगू. विद्वानांची संस्कृत. आणि राजाच्या घरातली मराठी! सत्ता हातात होती. 'आता इथे फक्त आमचीच भाषा' असं म्हणायचं ठरवलं असतं तर अडवणारं कोण होतं?

पण तसं झालं नाही. व्यंकोजींचा मुलगा शहाजी (राज्यकाळ १६८४ ते १७१२) तेलुगूत पदं आणि नाटकं लिहीत होता, आणि मराठीतही. त्याचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक. विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' सांगलीला १८४३ साली झालं, म्हणजे त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीचं! म्हणून काही अभ्यासक मराठी नाटकाची सुरुवात तंजावरात शोधतात. गंमत पहा, जिथे मराठी ही बहुसंख्य प्रजेची भाषाच नव्हती तिथे हे नाटक लिहिलं गेलं. शेजारी तेलुगू यक्षगानाची भरलेली परंपरा होती, तिच्याकडून साचा घेतला आणि त्यात मराठी ओतली. दुसऱ्या भाषेचा आदर केल्याने आपली भाषा बुडते म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

याच शहाजीचं आणखी एक नाटक आहे, 'पंचभाषाविलास'. नावाप्रमाणे त्यात पाच भाषा आहेत : तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत. वेगवेगळ्या देशांच्या राजकन्या येतात आणि आपापल्या भाषेत बोलतात. कुणाचीही भाषा दुसरीत घोळवून गुळगुळीत केलेली नाही. मला हे फार आवडतं.

पुढे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) आले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेला हा राजा. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी अशा सगळ्या हस्तलिखितांना तिथे जागा दिली. 'कुरवंजी' या तमिळ नाट्यप्रकारात त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत लिहिलं आणि त्यातून चक्क जगाचा भूगोल सांगितला! एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या छापखान्यात इसापनीतीचं मराठी भाषांतर छापलं गेलं. त्यांनीच १८०३ साली बृहदीश्वराच्या आवारात भोसल्यांच्या वंशाचा भला मोठा शिलालेख मराठीत कोरवून घेतला. त्याच देवळाच्या भिंतींवर राजराज चोळाच्या काळापासूनचे तमिळ लेख आहेत. ते जसेच्या तसे राहिले. आपलं नाव लिहिण्यासाठी आधीचं नाव खोडावं लागत नाही.

यात राजकारण नव्हतं असं मात्र समजू नये. परक्या मुलखात राज्य टिकवायचं तर तिथल्या देवांना, पंडितांना आणि भाषांना मान द्यावाच लागतो. पण नुसत्या राजकारणासाठी कुणी शृंगाराची पदं लिहीत बसत नाही. त्याला ती भाषा आवडावी लागते.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरात गेले, त्यांचं कीर्तन तिथल्या लोकांना भावलं. पुढे तंजावूर कृष्ण भागवतरांनी त्या धर्तीवर तमिळ हरिकथा घडवली. तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं ऐकू येतात. ती कुणी हुकूम काढून नेलेली नाहीत.

आता कडू भाग. १८५५ साली इंग्रजांनी तंजावरचं राज्य खालसा केलं. मराठीचा राजाश्रय गेला. मोडी कागदांचे रुमाल बांधलेले राहिले, मुलांच्या शाळा तमिळ आणि इंग्रजीत गेल्या. तमिळनाडूत आजही काही घरांत मराठी बोलली जाते, पण लिहायची वेळ आली की पुष्कळांना तमिळ लिपी जवळची वाटते. तमिळने त्यांची मराठी हिसकावून घेतली का? मला नाही तसं वाटत. मराठीत शिकण्याचं, लिहिण्याचं, हिशेब ठेवण्याचं कारणच उरलं नाही. भाषा वापरातून जाते, द्वेष केला म्हणून राहत नाही.

तमिळला २००४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये. आपण आनंद साजरा केला, केलाच पाहिजे. पण सरफोजींनी मुलांसाठी इसापनीती मराठीत छापली, तसं आज आपण आपल्या मुलांच्या हातात मराठीतलं नवं काय ठेवतो? शेजाऱ्याच्या भाषेवर चिडण्यापेक्षा हा प्रश्न जास्त अवघड आहे. म्हणूनच कदाचित तो आपण टाळतो.