सहलीच्या यादीत नसलेली दिल्ली

महाराष्ट्रातल्या शाळांच्या दिल्ली सहलीची यादी जवळपास ठरलेली असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्धस्मारक, जमलं तर तीनमूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, संध्याकाळी करोल बागेत खरेदी आणि शेवटी आग्रा. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे अशा सहलींबरोबर काही वेळा जाणं झालं. यादीबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. म्हणणं आहे ते तिथे पोहोचल्यावर मुलांना जे सांगितलं जातं, किंवा सांगितलं जात नाही, त्याबद्दल. किल्ला आणि मिनार ही ‘त्यांची’ दिल्ली, इंडिया गेट आणि युद्धस्मारक ही ‘आपली’ दिल्ली, अशी वाटणी कुणी मुद्दाम न करताही होऊन जाते. वर्गात तीन-चार मुस्लिम मुलं असतात. लाहोरी दरवाज्यातून आत शिरताना एखादा मित्र म्हणतो, “चल, तुझ्या पणजोबांच्या घरी.” सगळे हसतात, तो मुलगाही हसतो. त्याच्या पणजोबांनी जन्मभर मागावर बसून लुगडी विणलेली असतात.

लाल किल्ल्यात मार्गदर्शक शहाजहान, संगमरवर आणि मयूरासन एवढं सांगून मोकळा होतो. खरं तर मराठी मुलांना सांगण्यासारखं तिथे कितीतरी आहे. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून फौजेच्या खर्चासाठी वितळवली, हे पानिपतचा इतिहास वाचलेल्यांना ठाऊक असतं. त्यापुढचं मात्र क्वचितच कुणी सांगतं. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने याच महालात बादशहा शाह आलमचे डोळे काढले. त्याला हुसकावून आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं ते महादजी शिंद्यांच्या फौजेने. म्हणजे मुसलमानाने मुसलमान बादशहाचे डोळे काढले आणि मराठ्यांनी त्याला वाचवलं! ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ हा हिशेब इथे मांडून दाखवावा कुणीतरी. पुढे १८०३ च्या सप्टेंबरात जनरल लेकने यमुनेपलीकडे पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा कुठे दिल्ली कंपनीच्या हाती गेली. इंग्रजांनी दिल्ली घेतली ती नावाला मोगलांची असली तरी प्रत्यक्षात मराठ्यांकडून.

किल्ल्यात आज जी कुरूप लांबलचक बराकी दिसतात त्या १८५७ नंतरच्या. इंग्रजांनी आतला बराचसा महाल पाडला आणि तिथे लष्कर वसवलं. त्याआधी १८५८ च्या जानेवारीत दिवाण-ए-खासमध्येच बहादूरशाह जफरवर खटला चालवून त्याला रंगूनला पाठवलं. त्यानंतर ८७ वर्षांनी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, याच किल्ल्यात दुसरा गाजलेला खटला उभा राहिला. आरोपी आझाद हिंद फौजेचे तीन अधिकारी होते : शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ. बचावाची बाजू भुलाभाई देसाईंनी मांडली, नेहरूंनीही वकिलीचा झगा पुन्हा अंगावर चढवला. तिघांना जन्मठेपेची शिक्षा झाली, पण देशभरातला संताप पाहून सरसेनापतीला ती माफ करावी लागली. १५ ऑगस्टचं भाषण या किल्ल्यावरून का होतं, असं मुलं विचारतात. हे दोन खटले सांगितले की उत्तर वेगळं द्यावं लागत नाही.

राजघाटावर सगळे जातात. गांधीजींचा खून जिथे झाला त्या बिर्ला हाऊसमध्ये, म्हणजे आजच्या गांधी स्मृतीत, फार थोड्या सहली जातात. तिथे शेवटच्या पावलांच्या खुणा आहेत. १३ जानेवारी १९४८ ला सुरू झालेलं त्यांचं शेवटचं उपोषण याच घरातलं. दिल्लीतल्या मुसलमानांना निर्धास्तपणे वावरता यावं, बळकावलेल्या मशिदी परत मिळाव्यात आणि मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा उर्स नेहमीसारखा व्हावा, अशा हमी मिळाल्यावर १८ तारखेला त्यांनी ते सोडलं. उर्स झाला. २७ तारखेला बापू स्वतः दर्ग्यात गेले. तीन दिवसांनी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी पुण्याहून आलेला, मराठी दैनिकाचा संपादक होता, हे मराठी शाळेतल्या मुलांना सांगताना जीभ अडखळते, पण सांगावं. हा दर्गा कुतुबमिनारपासून फार लांब नाही. आपल्या बसेस मिनार पाहून परत फिरतात.

राष्ट्रीय युद्धस्मारकात परमवीरचक्र मिळालेल्यांचे अर्धपुतळे आहेत. हवालदार अब्दुल हमीद यांच्यापाशी मुस्लिम मुलं जरा जास्त वेळ रेंगाळतात, फोटो काढतात. का ते मला कळतं, आणि त्याचं थोडं वाईटही वाटतं. दहा-बारा वर्षांच्या पोराला पुरावा गोळा करावासा वाटू नये. तिथेच नाईक जदुनाथसिंग यांचाही पुतळा आहे. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेराच्या लढाईत ते लढता लढता पडले. त्या लढाईत नौशेरा राखणाऱ्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. पाकिस्तानात जाण्याचा आग्रह नाकारून ते इथे राहिले आणि ३ जुलै १९४८ ला झांगडला तोफगोळ्याने शहीद झाले. महावीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. त्यांची कबर ओखल्याला, जामिया मिल्लियाच्या कब्रस्तानात आहे. सैनिक इथे आणि त्याचा सेनापती तिथे, हा धागा मुलांना जोडून दाखवला तर दोन्ही जागा लक्षात राहतात.

आणि मौलाना आझाद. देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्याची मजार जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या मधल्या बागेत आहे. मशिदीच्या पायऱ्या उतरून पायी काही मिनिटं. वास्तुकार हबीब रहमान यांनी ती इतकी साधी ठेवली आहे की बाजाराच्या गर्दीत नजरेतून सुटते. शाळांच्या सहली किल्ला पाहून, मशीद पाहून तिच्या शेजारून निघून जातात. फातिहा ज्याला येतो त्याने पढावा, ज्याला येत नाही त्याने नुसतं उभं राहावं.

मुलांना मौलाना परके वाटू नयेत म्हणून मी तिथे अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्याची गोष्ट सांगतो. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत अटक झाल्यावर मौलानांना नेहरू, पटेल यांच्यासह तिथे ठेवलं होतं. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या. भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला मौलानांनी नकार दिला होता. त्याच कोठडीत त्यांनी मित्राला कधीच न पाठवलेली पत्रं लिहिली, ती पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. त्यातल्या एका पत्रात खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांचा त्रास, त्यांच्याशी झालेलं भांडण आणि मग झालेली दोस्ती आहे. ती चिमण्यांची गोष्ट मजारीपाशी सांगितली की पोरं हमखास विचारतात, “सर, नगरची ती खोली अजून आहे का?” आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून आधी चौकशी करून जावं लागतं.