शेअरचा कागद आणि कायदा

कंपनीत आपला हिस्सा आहे, हे सिद्ध कसे करायचे? श्रोतेहो, प्रश्न साधा दिसतो खरा. पण त्याचे उत्तर एका पिढीच्या आतच बदलून गेले.

१९५६ च्या कंपनी कायद्यापुढे उत्तर सरळ होते: सर्टिफिकेट दाखवा. प्रत्येक शेअरला स्वतःचा क्रमांक असे. तो विकायचा, तर कलम १०८ प्रमाणे हस्तांतरपत्र भरायचे, मुद्रांक लावायचा, सही करायची आणि सर्टिफिकेटासह ते कंपनीकडे धाडायचे. सही जुळली नाही, की कागद परत! टपालात गहाळ झाला, तर हेलपाटे निराळेच.

दलाल रिंगणात उभे राहून ओरडून सौदे करीत होते, तोवर हे कसेबसे निभावले. पण १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरांचे सौदे संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही तीच वाट धरली. सौदा क्षणात होई; कागद मात्र बैलगाडीच्या चालीने मागून येई. गठ्ठे साचले. बनावट सर्टिफिकेटेही फिरू लागली.

तेव्हा १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आला. शेअर म्हणजे आता खात्यातली नोंद. तिला वेगळा क्रमांक नाही. बँकेतल्या रुपयासारखा एक शेअर दुसऱ्यासारखाच. शिवाय मालकीची फोड झाली. नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी. लाभांश आणि मताचा हक्क मात्र खातेदाराचा. मग कोणी म्हणेल, खात्यात घोटाळा झाला तर दाद कोणाकडे मागायची? त्याचीही तरतूद आहे. डिपॉझिटरीच्या किंवा तिच्या सहभागी संस्थेच्या निष्काळजीपणामुळे खातेदाराचे नुकसान झाले, तर ते डिपॉझिटरीने भरून द्यायचे. यंत्र आले, तरी जबाबदारी माणसांच्या संस्थेवरच राहिली, हे महत्त्वाचे.

योगायोग पाहा. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यातही कलम १०८ आहेच; पण ते आहे इलेक्ट्रॉनिक मतदानाचे! पूर्वी मुंबईतल्या सभेला सांगलीचा लहान भागधारक जायचा कसा? फार तर प्रतिनिधी पाठवायचा, आणि त्या प्रतिनिधीला सभेत बोलण्याचा हक्क नसे. आता नोंदलेल्या कंपनीच्या ठरावावर त्याला घरबसल्या मत देता येते.

कागद गेला, हेलपाटेही पुष्कळ गेले. पण ठराव वाचून मग मत द्यायचे आणि आलेले खातेपत्रक तपासून पाहायचे, ही दोन कामे कोणत्याही कायद्याने भागधारकाच्या अंगावरून काढलेली नाहीत. हक्क घरापर्यंत आला आहे. तो बजावायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.